मायक्रोब्रुअरी म्हणजे काय? जळगाव-धुळ्यात बिअर शॉपी आणि बार काढायचा तर टाकी, थंडावा आणि परवान्याचं गणित

मायक्रोब्रुअरी म्हणजे बिअरचा अगदी छोटा कारखाना. पाचशे-हजार लिटरच्या स्टीलच्या टाक्या, शेजारीच बसायची जागा, आणि बिअर बाटलीत न भरता टाकीतून थेट नळाने ग्लासात. दुकानातली बाटलीबंद बिअर बहुतेक वेळा पाश्चराइज केलेली असते, म्हणजे गरम करून तिच्यातलं यीस्ट आणि जंतू मारलेले असतात. म्हणून ती महिनोन्‌महिने टिकते. मायक्रोब्रुअरीतली बिअर तशी नसते. तिचं वागणं दुधासारखं: सतत थंड ठेवली तर काही आठवडे चांगली, उन्हात राहिली की गेली. या धंद्यातली जवळपास प्रत्येक अडचण या एका गोष्टीतून निघते.

महाराष्ट्रात ही कल्पना पुण्यातून सुरू झाली. २००९ मध्ये कोरिंथियन्स हॉटेलात 'डुलाली' सुरू झाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी हे संस्थापक आणि ऑलिव्हर शाउफ हा जर्मन ब्रुमास्टर. नावाची गंमत अशी की 'डुलाली' म्हणजे आपलं नाशिकजवळचं देवळाली. तिथल्या लष्करी छावणीत जहाजाची वाट बघून कंटाळलेल्या ब्रिटिश सैनिकांवरून इंग्रजीत 'डुलाली' हा शब्द डोकं फिरलेल्या माणसासाठी वापरला जाऊ लागला. मुंबईहून जळगावला येणारी गाडी याच देवळाली स्टेशनवरून जाते. डुलालीनंतर पुण्यात 'इंडिपेंडन्स', 'एफिनगट' आले, डोंबिवलीत 'गेटवे' आली.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे धुळ्याच्या एका मित्राने मला पाठवलेली एक्सेल फाइल. त्याला वडिलांचा पारोळा रोडचा प्लॉट तारण ठेवून बिअर शॉपी, बार आणि स्वतःची ब्रुअरी असं एकत्र काढायचं आहे. मी कोड लिहितो, बार चालवत नाही. पण इंजिनीअरिंगला हीट ट्रान्स्फर शिकलो होतो आणि फाइलमधले बरेच आकडे त्याच विषयाचे निघाले. त्या आकड्यांवर जे काम केलं, ते इथे मांडतो.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१ आहे, कडक दारूसाठी २५. आणि यूट्यूब बघून घरी कुकरमध्ये बिअर बनवायचा विचार असेल तर सोडा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना बिअर बनवणं हा गुन्हा आहे.

बिअर कशी बनते, थोडक्यात

सातूला (जव म्हणा) मोड आणून वाळवलं की माल्ट होतं. पाचशे लिटर बिअरला साधारण शंभर किलो माल्ट लागतं. ते भरडून ६५-६७ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवायचं. माल्टमधली एन्झाइम पिठाची साखर करतात. ते गोड पाणी गाळून घ्यायचं, त्याला वॉर्ट म्हणतात. मग हॉप्सची फुलं टाकून तासभर उकळायचं, पटकन थंड करायचं आणि यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. गव्हाची हेफवायझनसारखी बिअर दोन आठवड्यांत ग्लासात येते. लागर प्रकाराला चार ते सहा आठवडे लागतात.

उरलेला चोथा आपल्या भागात वाया जायचं कारण नाही. म्हशीवाले सरकीच्या ढेपेच्या जोडीला आनंदाने नेतात. फक्त त्याच दिवशी उचलायला हवा, मे महिन्यात दुसऱ्या दिवशी आंबलेला असतो.

खरा खर्च आग नाही, थंडावा

लोकांना वाटतं की ब्रुअरी म्हणजे मोठा चुल्हा. प्रत्यक्षात ती एक मोठी फ्रिज आहे, आणि ती आपण अशा जिल्ह्यात ठेवणार आहोत जिथे मे महिन्यात पारा ४४-४५ च्या पुढे जातो.

पाचशे लिटरचं गणित करू. उकळलेलं वॉर्ट ९८ अंशावर आहे, यीस्टला २० अंश हवं. पहिला टप्पा साध्या पाण्याने होतो: प्लेट हीट एक्स्चेंजरमधून एका बाजूने वॉर्ट, दुसऱ्या बाजूने पाणी. पण उन्हाळ्यात आपल्या टाकीतलं पाणीच ३५ अंश असेल, तर वॉर्ट चाळिशीच्या खाली जाणार नाही. पुण्यात हिवाळ्यात हाच टप्पा जवळजवळ फुकटात पार पडतो. आपल्याकडे उरलेले २० अंश चिलरने काढायचे. ५०० किलो × ४.१८ × २० म्हणजे सुमारे ४२ हजार किलोज्यूल, वीजबिलाच्या भाषेत साडेअकरा युनिट उष्णता, आणि तीही तासाभरात बाहेर काढायची.

मग यीस्ट स्वतः तापतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. साखर फुटताना उष्णता निघते. पाच टक्के अल्कोहोलच्या बिअरमध्ये ती इतकी असते की टाकीतून ती बाहेर काढलीच नाही, तर बिअर आपणहून ११ अंशांनी वर चढेल. २० वर सुरू केलेली ३१ वर. बाहेरची गरमी यात धरलेलीच नाही.

इथे जळगावकरांसाठी एक खास गोष्ट. हेफवायझनला केळ्याचा वास येतो. रावेर-यावलच्या केळीची आठवण यावी इतका. त्यात केळं नसतं. यीस्ट आयसोअमाइल अॅसिटेट नावाचा पदार्थ बनवतं आणि पिकलेल्या केळ्याचा वासही मुख्यतः त्याचाच. टाकी दोन-तीन अंश जास्त तापली की हा वास वाढतो. आणखी तापली की केळं मागे पडतं आणि रंगाच्या दुकानातल्या थिनरसारखा वास येतो. ती बॅच मग ओतून द्यावी लागते.

किण्वन संपल्यावर बिअर २ अंशापर्यंत उतरवायची, म्हणजे यीस्ट खाली बसतं. यात आणखी दहा-साडेदहा युनिट उष्णता. हे सगळं ग्लायकॉल चिलर करतो: टाकीच्या दुहेरी भिंतीतून शून्याखालचं ग्लायकॉल फिरवणारं यंत्र. कोटेशन घेताना एक प्रश्न नक्की विचारा: चिलरची क्षमता किती अंश बाहेरच्या तापमानाला मोजली आहे? बहुतेक नेमप्लेट ३५ अंशाच्या असतात. पत्र्याच्या छपरावर, दुपारी तीन वाजता, भुसावळच्या उन्हात तोच चिलर बराच कमी काम करतो आणि वीज जास्त खातो. मित्राच्या कोटेशनवर हा आकडाच नव्हता.

लाइट गेली तर? मलाही आधी हीच भीती वाटली. पण गणित उलटं निघालं. ७५ मिलिमीटर पफ इन्सुलेशन असलेली, २ अंशावरची पाचशे लिटरची टाकी सहा तास बंद राहिली तरी जेमतेम अर्धा-पाऊण अंश वर येते. जोरात किण्वन चालू असलेली टाकी त्याच वेळात दोनेक अंश चढू शकते. म्हणजे जनरेटर मोठा घेण्यापेक्षा इन्सुलेशन जाड घेणं जास्त शहाणपणाचं. त्यातही बॅच शक्यतो अशा दिवशी लावायची की पहिले तीन दिवस महावितरणच्या मेंटेनन्सच्या वारात येणार नाहीत.

मोबाइलवर टाकी बघायची आहे?

या साइटवर हा भाग आवडेल. प्रत्येक टाकीत एक तापमापक, एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि एक कंट्रोलर, इतकंच असतं. हे ईएसपी३२ बोर्ड आणि डीएस१८बी२० सेन्सरवर काही शे रुपयांत शिकता येतं. पण खऱ्या धंद्यात लावताना तीन-चार गोष्टी सांभाळा.

व्हॉल्व्ह उघडायचा की बंद करायचा, हा निर्णय टाकीजवळच्या बोर्डानेच घ्यायचा, क्लाउडने नाही. वायफाय गेलं तरी बिअर थंड राहिली पाहिजे. फोन फक्त बघण्यासाठी आणि अलार्मसाठी. व्हॉल्व्ह 'नॉर्मली क्लोज्ड' प्रकारचा घ्या, म्हणजे वीज गेली की बंद होईल. नाहीतर उघडा राहून ग्लायकॉल बिअर गोठवून टाकेल. लाइट आल्यावर बोर्डाने शेवटचं ठरवलेलं तापमान मेमरीतून उचललं पाहिजे. शून्यापासून सुरू होणारा कंट्रोलर मी पाहिला आहे, तो बंद पडलेल्या कंट्रोलरपेक्षा वाईट. आणि डीएस१८बी२० मध्ये अर्ध्या अंशाची चूक गृहीतच असते, म्हणून बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य तपासून घ्या.

दुसरा सेन्सर मात्र हौसेचा नाही. पाचशे लिटरच्या एका बॅचमधून सुमारे वीस किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे दहा घनमीटर. दहा बाय दहाची खोली एकूण अठ्ठावीस घनमीटरची असते. हा वायू जड, तो खाली साचतो. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची पद्धत आपल्या जुन्या लोकांना माहीत होती, भीती तीच. एसीसाठी बंद केलेल्या किंवा तळघरातल्या ब्रुअरीत टाकीची वाफनळी बाहेर उघड्यावर काढलीच पाहिजे, आणि जमिनीपासून फूट-दीड फुटावर अलार्म हवा. कामाच्या जागी आठ तासांसाठी मर्यादा ५,००० पीपीएम आहे आणि ४०,००० ला जीवाला धोका. बाजारातले स्वस्त सेन्सर ५,००० लाच थांबतात, ते इथे चालत नाहीत.

पाणी

छोट्या ब्रुअरीत एक लिटर बिअरमागे पाच ते सात लिटर पाणी जातं. त्यातलं बहुतेक धुण्यात. महिन्याला आठ बॅच म्हटल्या तर वीस ते अठ्ठावीस हजार लिटर, म्हणजे दहा हजाराचे दोन-तीन टँकर. आकडा फार मोठा नाही, एखादं मध्यम मंगल कार्यालय सहज वापरतं. पण नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गल्लीत बिअरसाठी टँकर रिकामा होताना दिसला, तर लोक आकडे विचारत नाहीत. मराठवाड्याच्या दुष्काळात एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बिअर आणि मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करायला लावली होती. वाळूजच्या मोठ्या कंपन्यांनी ते सोसलं. चार टाक्यांचा माणूस कसा सोसेल, हा प्रश्न योजनेच्या पहिल्या पानावर असावा.

पाण्याचा जडपणाही बघा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, किटलीत पांढरा थर बसतो तो हाच. त्याने माल्टच्या घोलाचा पीएच वर जातो आणि फिक्या रंगाची बिअर तुरट लागते. काळी स्टाउट मात्र अशा पाण्याला चालते, कारण भाजलेलं माल्ट आम्लधर्मी असतं. डब्लिन स्टाउटसाठी आणि पिल्सेन फिक्या लागरसाठी नावाजलं, त्यामागे दोन्हीकडचं पाणी आहे. आज आरओ लावून वर हवे तेवढे क्षार घालता येतात. नगरपालिकेचं पाणी असेल तर आधी कार्बन फिल्टर, नाहीतर क्लोरीनमुळे बिअरला दवाखान्याचा वास येतो.

टाकी किती लिटरची, हा चुकीचा प्रश्न

मित्राच्या फाइलमध्ये पाचशे लिटरच्या चार टाक्या होत्या आणि शेजारच्या कॉलममध्ये रोज ३६० ग्लास. हा आकडा आला कुठून, ते बघू.

चार टाक्या, महिन्याचे तीस दिवस, म्हणजे १२० टाकी-दिवस. सर्व्हर भाड्याने घेताना आपण तास मोजतो तसंच. गव्हाची बिअर धुण्यासकट टाकी १४ दिवस अडवते, म्हणून महिन्याला आठ बॅच, चार हजार लिटर. दहा टक्के घट वजा केली की ३,६००, रोज १२० लिटर, ३३० मिलिलिटरचे ३६० ग्लास. तीच टाकी लागरला दिली तर ३५ दिवस अडते. मग महिन्याला जेमतेम तीन बॅच, रोज ४५ लिटर. यंत्र तेच, कर्ज तेच, उत्पन्न निम्म्याहून कमी. आणि बाटलीची सवय असलेला आपला गिऱ्हाईक पहिल्यांदा लागरच मागणार.

पण त्याहून मोठी गफलत अशी की ३६० हा यंत्राचा आकडा आहे, गिऱ्हाइकांचा नाही. देशात विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये मोठा वाटा स्ट्राँगचा आहे. बाटलीच्या दुपटीने महाग, पाच टक्क्यांची, गढूळ दिसणारी बिअर धुळ्यात रोज किती जण पितील? समजा रोज ४० लिटर खपली आणि नळावर चार प्रकार ठेवले. दोन हजार लिटर संपायला पन्नास दिवस. तोवर शेवटची टाकी शिळी. चारऐवजी दोनच प्रकार ठेवले तर पंचवीस दिवस, हे जमतं. म्हणजे मेनू छोटा ठेवणं हा इथे आवडीचा प्रश्नच नाही.

शिवाय आपलं कॅलेंडर. एप्रिल-मेमध्ये खप वर, गटारीला अंगावर येईल इतका, आणि दुसऱ्या दिवशी श्रावण. गटारीची बिअर तीन आठवडे आधी टाकीत पडली पाहिजे आणि श्रावणाआधी टाक्या रिकाम्या झाल्या पाहिजेत. २ ऑक्टोबर, आषाढी, मतदान, हे ड्राय डे यीस्टला कळत नाहीत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये याचं टोक दिसलं: बार बंद, टाक्या भरलेल्या, देशभरात ताजी बिअर गटारात सोडावी लागली. तेव्हा राज्याने मायक्रोब्रुअरींना ग्राउलरमध्ये, म्हणजे मोठ्या बाटलीत, पार्सल द्यायची परवानगी दिली.

परवाने: एक दुकान, तीन वेगळे धंदे

राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नजरेत 'बिअर शॉपी, बार आणि ब्रुअरी' अशी एक गोष्ट नसते. सीलबंद बाटली विकणारी बिअर शॉपी एफएल/बीआर-२ खाली येते, तिथे उभं राहून पिता येत नाही. बसून पिण्यासाठी परमिट रूम म्हणजे एफएल-३, नाहीतर फक्त बिअर-वाइनचा बार. बनवण्यासाठी ब्रुअरीचा बीआरएल. प्रत्येकाची फी, जागा, नकाशा वेगळा. फीचे आकडे बदलत असतात, ते अधीक्षक कार्यालयातूनच घ्या, एजंटच्या व्हॉट्सअॅपवरून नाही. याशिवाय अन्न सुरक्षेचा परवाना आणि सांडपाण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती.

जागा निवडताना हायवेचा नियम आठवा. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद झाली. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी अंतर २२० मीटर केलं, आणि जुलै २०१७ मध्ये शहराच्या हद्दीतल्या दुकानांना हा आदेश लागू नाही असं स्पष्ट झालं. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. मनपा हद्दीची रेघ प्लॉटच्या अलीकडे की पलीकडे, यावर सगळा धंदा अवलंबून. मित्राचा प्लॉट या रेघेच्या अगदी जवळ आहे, म्हणून त्याला मी आधी मोजणी करून घ्यायला सांगितलं आणि टाक्या नंतर.

मग 'बाटली'. प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी निवेदन दिलं तर मतदान घ्यावं लागतं: बाटली उभी की आडवी. आडवी जिंकली तर परवाना बंद. मार्च २०२५ मध्ये सरकारने विधानसभेत असंही जाहीर केलं की सोसायटीच्या गाळ्यात बिअर-दारूचं दुकान काढायला सोसायटीचं ना-हरकत लागेल. दारूने घर मोडलेलं आपण प्रत्येकाने एखादं तरी पाहिलंय, त्यामुळे ही भानगड नुसती कागदी समजू नका. मला तर हा नियम रास्त वाटतो.

कराचा एक चटका फाइलमध्ये कुणी लिहीत नाही. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. तुम्ही टाक्यांवर, चिलरवर १८ टक्के जीएसटी भरता, पण बिअर विकताना जीएसटीच नसल्याने त्याचं क्रेडिट मिळत नाही. एक कोटीची यंत्रं म्हणजे १८ लाख सरळ खर्चात.

आधी नळ, मग टाकी

डोंबिवलीच्या गेटवेने स्वतःचा मोठा बार काढण्याऐवजी बिअर बनवून केगमध्ये भरून मुंबईच्या बारना दिली. आपण त्याच्या उलट टोकाने सुरुवात करू शकतो: परवानाधारक बार, स्वतःची ब्रुअरी नाही, दुसऱ्याकडची केग. पुणे ते धुळे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, रेफ्रिजरेटेड गाडीने एका रात्रीचं अंतर. प्रत्येक खेपेला उत्पादन शुल्काचा वाहतूक पास लागेल आणि लिटरमागे नफा कमी पडेल. पण केग ३० लिटरची असते. एक संपली की दुसरी लावायची, पाचशे लिटरचं ओझं नाही. लागणारं सामान म्हणजे छोटी कोल्डरूम, दोन नळ, गॅसचा सिलिंडर.

मित्राच्या फाइलमध्ये मी एक नवी शीट जोडली आहे. तारीख, वार, नळ क्रमांक, किती लिटर गेली, किती ओतून दिली, बाहेरचं तापमान. उन्हाळा, गटारी, श्रावण आणि दिवाळी हे चारही त्यात यायला हवेत, म्हणजे साधारण आठ महिने. रोजची सरासरी ४० लिटरच्या वर टिकली तर दोन प्रकारांची, पाचशे लिटरची ब्रुअरी कागदावर जमते. चार प्रकारांसाठी ८० लिटर. त्याच्या खाली राहिली तर प्लॉटचा सातबारा बँकेत नेऊ नये, असं त्या शीटच्या शेवटच्या ओळीत लाल रंगात येतं. तो फॉर्म्युला मी लॉक करून ठेवलाय. पासवर्ड त्याच्या वडिलांकडे आहे.